कारवीवरच्या बेडकाचं नाव

तुमचा प्रश्न वाचला, तिन्ही फोटो पाहिले आणि वीस सेकंदांची ती ध्वनिफीत हेडफोन लावून चार-पाच वेळा ऐकली. जुलैत आंबोलीला, रात्री नऊच्या सुमारास, कारवीच्या पानावर इंचभर लांबीचा तपकिरी बेडूक टकटक ओरडत बसला होता. फोटो टाकल्यावर एकाने त्याला फिलॉटस बॉम्बेएन्सिस म्हटलं, दुसऱ्याने राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस, तिसऱ्याने राओर्केस्टिस घाटेई. त्यावर तुम्ही विचारलंत की ही नावं सारखी का बदलतात, एकदा डीएनए तपासला की विषय संपत नाही का, आणि ज्या बेडकांना टॅडपोल, म्हणजे पाण्यात पोहणारं शेपटीवालं पिल्लू, नसतोच ते बाकीच्यांपेक्षा जास्त उत्क्रांत समजायचे का.

मी गेले २२ पावसाळे सह्याद्रीतल्या बेडकांवर काम करते आहे, आणि त्यातले निम्मे तरी याच झुडपी बेडकांच्या मागे गेले. तुमचा वैताग मला नीट कळतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत जी नावं लिहिली आहेत त्यातली बरीचशी आज कुणी वापरत नाही. बेडूक मात्र तेच आहेत आणि त्याच झुडपांवर ओरडतात.

तुमचे प्रश्न दिसायला तीन असले तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे नातं. जीवशास्त्रातलं नाव हे नुसतं हाक मारण्यासाठी नसतं. हा प्राणी कुणाच्या कुळातला, त्याचं सगळ्यात जवळचं भावंड कोण, याबद्दलचा आपला आजचा अंदाज त्या नावात लिहिलेला असतो. नवा पुरावा हाती आला की अंदाज सुधारतो, आणि तो सुधारला की नाव हलतं. म्हणून आधी नावांचं बघू, मग जात वेगळी कशी ठरवतात ते, आणि शेवटी टॅडपोलकडे येऊ.

आधी एक स्पष्ट सांगते. फक्त या फोटोंवरून मी नाव सांगणार नाही. दोन फोटो वरून काढलेले आहेत, तिसऱ्यात एक पाय पानाआड गेला आहे. मुस्कटाचा कोन बाजूने दिसत नाही, कानाचा पडदा स्पष्ट नाही, पोट तर दिसतच नाही. शिवाय उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं: जागा नेमकी कुठली, समुद्रसपाटीपासून किती उंचीवर, नर की मादी, पूर्ण वाढलेला की अर्धवट. आवाजावरून तो नर आहे एवढं नक्की. बाकीचं पुढे.

आता नावांचा इतिहास. ‘बॉम्बेएन्सिस’ वाचून हा मुंबईचा बेडूक असावा असं बहुतेकांना वाटतं. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी १९१९ मध्ये त्याचं वर्णन केलं ते कॅसलरॉकच्या नमुन्यावरून. गोव्याहून दूधसागरचा घाट चढून रेल्वे वर येते तिथलं हे स्टेशन. तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यात होता, म्हणून नावात बॉम्बे आलं. ॲनंडेलनी त्याला इक्सॅलस या प्रजातीत ठेवलं होतं. पुढे ते नाव मागे पडलं, आणि आशियातले असले बहुतेक सगळे छोटे झुडपी बेडूक फिलॉटस नावाच्या एकाच मोठ्या पोत्यात जाऊन पडले. श्रीलंकेपासून फिलिपिन्सपर्यंतचे सगळे त्यात होते. लहान आकार, बोटांच्या टोकांना चकत्या, झुडपावर मुक्काम, एवढ्या साम्यावर ते पोतं अनेक दशकं टिकलं.

डीएनएचे वंशवृक्ष तयार व्हायला लागले तेव्हा त्या पोत्यात वेगवेगळी घराणी आहेत हे दिसलं. आग्नेय आशियातले एका फांदीवर गेले, श्रीलंकेतले दुसऱ्या, आणि सह्याद्रीतले बहुतेक सगळे तिसऱ्या. या तिसऱ्या फांदीला २०१० मध्ये एस. डी. बिजू, पुण्याचे योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राओर्केस्टिस हे नाव दिलं. त्यातला ‘राओ’ म्हणजे बंगळुरूचे सी. आर. नारायण राव. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी पश्चिम घाटातले कितीतरी बेडूक शास्त्राच्या नोंदीत आणले. ‘ऑर्केस्टिस’ हे या गटातल्या बेडकांना दिलेलं सगळ्यात पहिलं प्रजातीनाम. पण ते आधीच उड्या मारणाऱ्या एका सोंडकिड्याला दिलेलं होतं, त्यामुळे बेडकांना ते वापरता येईना. १७२ वर्षांनी ते रावांच्या नावाला जोडून परत आलं. मला हे नाव फार आवडतं.

म्हणजे तुम्हाला मिळालेल्या पहिल्या दोन उत्तरांत भांडण नाहीच. दोघेही एकाच बेडकाचं नाव सांगत होते, एकाकडे जुनं पुस्तक होतं इतकंच. सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणून शेत जागचं हलत नाही, तसं हे आहे. नावाचा दुसरा भाग, बॉम्बेएन्सिस, १९१९ पासून तसाच आहे. तो कॅसलरॉकच्या त्या मूळ नमुन्याला बांधलेला आहे आणि त्याला कुणी सहजासहजी हात लावू शकत नाही.

(शब्दांबद्दल एक खुलासा. मी स्पीशीजला ‘जाती’ आणि जीनसला ‘प्रजाती’ म्हणते, विश्वकोशात आहे तसं. वर्तमानपत्रांत ‘नवी प्रजाती सापडली’ असं छापून येतं तेव्हा त्यांना बहुतेक वेळा जातीच म्हणायची असते. बेडकांच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नवी जाती जवळजवळ दर पावसाळ्यात सापडते, नवी प्रजाती क्वचित.)

तिसरं उत्तर मात्र खरोखर वेगळं आहे. राओर्केस्टिस घाटेई ही जाती २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या घाटांतून वर्णन केली गेली आणि पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्या सन्मानार्थ तिला नाव दिलं गेलं. तुमचा बेडूक घाटेई असेल तर तो बॉम्बेएन्सिस नाही. इथे मतभेद नावाचा नाही, प्राण्याचा आहे. आणि तो सोडवायचा कसा, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे.

सदाहरित जंगलातले बेडूक डोळ्यांना दोन्ही बाजूंनी फसवतात. एकाच जातीतले बेडूक इतके वेगळे दिसतात की दोन वाटावेत. मागे एकदा मी एका रात्रीत, दहा पावलांच्या अंतरात, एकाच जातीचे पाच नर टिपले होते. एकाच्या पाठीवर डोक्यापासून ढुंगणापर्यंत पिवळट पट्टा, एकाच्या पाठीवर डमरूसारखी गडद खूण, एक अंगभर विटकरी, एक शेवाळासारखा हिरवट, आणि पाचवा इतका फिका की टॉर्चच्या उजेडात पांढराच वाटला. तोच पाचवा पहाटे पिशवीत गडद तपकिरी झाला होता. रंगावर विसंबून बेडूक ओळखणं म्हणजे पाण्यावर रेघ ओढणं आहे. त्यात जुने नमुने फॉर्मॅलिन आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेले. बाटलीत रंग टिकत नाही, त्यामुळे जुन्या वर्णनांतल्या रंगांशी ताडून बघण्याचीही सोय नाही.

उलट बाजूला, दोन वेगळ्या जाती इतक्या सारख्या असतात की मापपट्टी घेऊनही फरक हाती लागत नाही. आणि साम्य दिसलं तरी त्यावरून नातं ठरत नाही. आपल्याकडे गावावरून आडनावं पडली. दोन घराण्यांचं आडनाव एकच, म्हणून कुणी त्यांना भाऊबंद समजून कुलवृत्तांत लिहायला घेत नाही. आधी कुलदैवत, गोत्र, मूळ गाव विचारतात. बेडकांमध्येही राहण्याची जागा शरीराला ‘आडनाव’ देते. झाडावर राहायचं तर बोटांना चकत्या लागतात, मोठे डोळे लागतात, हलकं अंग लागतं. मादागास्करचे बूफिस बेडूक दिसायला हुबेहूब आपल्या झाडबेडकांसारखे, त्यामुळे वर्षानुवर्षं ते आपल्याच कुळात धरले जायचे. डीएनएने दाखवलं की ते मादागास्करमधल्याच एका वेगळ्या कुळातले आहेत, आणि झाडावरचं आयुष्य दोघांनी स्वतंत्रपणे कमावलं. तिथल्याच मँटेला बेडकांचं दक्षिण अमेरिकेतल्या विषारी बेडकांशी असंच साम्य आहे. दोन्ही चिमुकले, भडक रंगांचे, कातडीत विष असलेले, दिवसा हिंडणारे. आणि दोन्ही वंश एकमेकांपासून फार फार दूरचे.

मग विसंबायचं कशावर? माझा पहिला विश्वास आवाजावर असतो, कारण तो बेडकांचा स्वतःचा निकष आहे. मादी रंग बघून येत नाही, ती नराची हाक ओळखून येते. दोन गटांच्या हाका पक्क्या वेगळ्या असतील तर त्यांच्यात सहसा संकर होत नाही, आणि वेगळी जाती म्हणण्याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

पण आवाजावरही आंधळा विश्वास ठेवायचा नसतो, हे मी स्वतः चूक करून शिकले. कामाच्या चौथ्या वर्षी माझ्याकडे एकाच डोंगरावरच्या दोन ध्वनिफिती होत्या. एक जूनच्या सुरुवातीची, दुसरी ऑगस्टअखेरची. पहिलीत टकटक भराभर, दुसरीत रेंगाळत. आलेख शेजारी शेजारी मांडले तर फरक इतका ठळक होता की मी दोन जाती आहेत असं लिहूनही टाकलं. महिनाभर मी त्याच खात्रीत होते. मग वहीत तपमानाचे आकडे बघितले: पहिल्या रात्री २५ अंश, दुसऱ्या रात्री १९. बेडूक थंड रक्ताचा प्राणी, गारठ्यात त्याचे स्नायू मंदावतात आणि हाकेचा वेगही मंदावतो. पुढच्या वर्षी त्याच झुडपांवर वेगवेगळ्या तपमानाला वीसेक नर ध्वनिमुद्रित केले, तर सगळे ठिपके एकाच तिरक्या रेषेवर आले. जात एकच होती. तेव्हापासून माझ्या पिशवीत आवाजाच्या यंत्राइतकाच तापमापक महत्त्वाचा आहे. आकाराचंही तसंच: मोठ्या अंगाचा नर खालच्या पट्टीत ओरडतो. म्हणून ज्याची हाक घेतली त्याचं माप घेतल्याशिवाय मी ती हाक जमेस धरत नाही.

आता डीएनए. एकदा तपासला की संपलं, असं तुम्ही लिहिलंत, आणि बऱ्याच विद्यार्थ्यांनाही असंच वाटतं. आम्ही बहुतेक वेळा सोळा-एस नावाच्या जनुकाचा तुकडा वाचतो. तो मायटोकाँड्रियातला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातला असतो, सहज वाचता येतो आणि तुलनेसाठी जगभरच्या बेडकांचा साठा उपलब्ध आहे. दोन बेडकांच्या तुकड्यांत किती टक्के फरक आहे ते काढता येतं. पण किती टक्क्यांना वेगळी जाती म्हणायचं, याची निसर्गाने आखलेली रेघ नाही. ३ टक्के, ५ टक्के असे आकडे सुचवले गेले आहेत, आणि ते ‘इथे नीट बघा’ एवढंच सांगतात. काही खऱ्या, वेगळ्या हाकांच्या जाती त्यापेक्षा जवळच्या निघतात, तर काही एकसंध जातींतही फरक त्याहून जास्त असतो. त्यात मायटोकाँड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो. वडिलांच्या बाजूची गोष्ट त्याला माहीतच नसते. म्हणून केंद्रकातली जनुकंही तपासावी लागतात, आणि कधी कधी दोन्ही वेगळं सांगतात.

सगळ्यात मोठा सापळा नमुने कुठून घेतले याचा. समजा एक जाती महाबळेश्वरपासून कॅसलरॉकपर्यंत सलग पसरलेली आहे. मी फक्त दोन टोकांचे बेडूक तपासले तर फरक भरपूर दिसेल आणि मला दोन जाती आहेत असं वाटेल. मधल्या कोयनेचे, आंबाघाटाचे, राधानगरीचे, आंबोलीचे बेडूक घेतले की तोच फरक पायरी-पायरीने बदलत जाताना दिसतो, कुठेच तुटत नाही. मग ती एकच लांबलचक जाती. उलट मधले नमुने घेऊनही एखाद्या दरीपाशी फरक एकदम उडी मारत असेल, आणि हाकही तिथेच बदलत असेल, तर माझा कान टवकारतो. सह्याद्रीत अशा जागा आहेत. केरळातली तीसेक किलोमीटर रुंद पालघाटची खिंड तर प्रसिद्धच आहे, तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बेडकांत कितीतरी जोड्या वेगळ्या निघाल्या. आपल्याकडे सड्यावरचे टोड, म्हणजे खरखरीत कातडीचे बेडूक, बघा. कोयनेचा टोड १९६३ मध्ये वर्णन झाला, आंबोलीचा २००९ मध्ये. दोघं एकाच छोट्या प्रजातीतले, झँथोफ्राइनचे, आणि प्रत्येकजण आपापला मुलूख धरून.

मूळ जागी परत जाणंही तितकंच गरजेचं. आंबोलीचा बेडूक बॉम्बेएन्सिस आहे का हे ठरवायचं तर तुलना कॅसलरॉकच्या बेडकाशी व्हायला हवी. कारण नाव तिथल्या नमुन्याचं आहे. ‘सगळे ज्याला बॉम्बेएन्सिस म्हणतात’ अशा कुठल्या तरी बेडकाशी तुलना करून काहीच सिद्ध होत नाही. हा टप्पा गाळल्यामुळे झालेले घोटाळे निस्तरण्यात आमची वर्षं गेली आहेत. पाणथळीतला तो सोनेरी-तांबूस पाठीचा बेडूक, जो सगळे पिढ्यानपिढ्या मलबारिकस म्हणून ओळखायचे, तो अशाच तुलनेत दोन जातींचा निघाला. महाराष्ट्र-गोव्याकडच्याला २०१५ मध्ये नवं नाव मिळालं, हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा. बहुविस्तार, म्हणजे दूरवर पसरलेला. शास्त्रीय नावात आपला शब्द बघून बरं वाटतं, आणि इतका सामान्य, इतका पसरलेला बेडूक एवढा काळ नावाविना होता याचं आश्चर्यही.

तर माझी पद्धत अशी: रूप, हाक, डीएनए आणि नकाशा हे चार साक्षीदार. एकाच्या साक्षीवर मी निकाल देत नाही. दोघांचं जुळलं तर शंका नोंदवते, तिघांचं जुळलं तर लिहायला बसते. दुसरे काही सहकारी डीएनएला जास्त वजन देतात, आणि त्यांचंही म्हणणं बिनबुडाचं नाही. जंगल तुटत असताना चारही साक्षीदार जमेपर्यंत थांबलं तर जाती नोंद होण्याआधीच संपू शकते. श्रीलंकेत हे घडलेलं आहे. तिथल्या झुडपी बेडकांच्या डझनभराहून जास्त जाती आज नामशेष मानल्या जातात, आणि त्यातल्या बऱ्याचशा संग्रहालयातल्या जुन्या बाटल्या तपासताना, गेल्यानंतरच ओळखू आल्या. ही गोष्ट डोक्यात असल्यामुळे मी घाई करणाऱ्यांवर पूर्वीइतकी रागावत नाही.

आता उत्क्रांतीकडे, आणि इथे तुमच्या आंबोलीत एक सुंदर उदाहरण आहे. तुम्ही ज्या झुडपाचा फोटो काढलात तसल्याच झुडपावर तिथे आणखी एक झुडपी बेडूक बसतो, अंगाने थोडा दांडगा. त्याचं नाव स्यूडोफिलॉटस आंबोली. २००९ मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा तोही फिलॉटसच्या पोत्यातच होता. नवख्या माणसाला दोघं सख्खे भाऊ वाटतील. पण वंशवृक्षावर आंबोलीवाल्याची जवळची माणसं श्रीलंकेत आहेत. स्यूडोफिलॉटसच्या बहुतेक सगळ्या जाती तिथे, आणि भारतात अगदी मोजक्या. त्यावरून दिसतं ते असं की या सगळ्यांचा पूर्वज भारतातून श्रीलंकेत गेला, तिथल्या डोंगरांत त्याच्या डझनावारी जाती झाल्या, आणि पुष्कळ नंतर त्यातला एक वंश समुद्र खाली गेलेला असताना जमिनीवरून परत भारतात आला. त्याचे वारस आज आंबोलीच्या पावसात ओरडतात. आणि शेजारच्या पानावरच्या राओर्केस्टिसचे पूर्वज त्या काळात इथेच होते, सह्याद्रीच्या डोंगरांत वेगळे होत होते. एका फांदीवर दोन चुलत घराणी, एक कधीच घर न सोडलेलं आणि एक समुद्रापार जाऊन आलेलं. फोटोत हे दिसत नाही, म्हणून तर वर्गीकरणाचा एवढा खटाटोप.

याहून खोल इतिहासासाठी केरळात जावं लागतं. नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस हा जांभळा, टोकदार नाकाचा बेडूक २००३ मध्ये शास्त्रासमोर आला. वर्षभर जमिनीखाली राहतो, पावसाच्या तोंडावर थोडे दिवस प्रजननासाठी बाहेर येतो. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत, हिंद महासागराच्या पश्चिम भागात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला, आणि हे दोन वंश त्याच्याही आधी वेगळे झालेले होते. म्हणजे या बेडकाच्या वंशाने खंड फुटताना पाहिलेला आहे. या बेडकाचे खडकाला चिकटून राहणारे टॅडपोल ॲनंडेलनीच १९१८ मध्ये वर्णन करून ठेवले होते. ते कुणाचे हे कळायला ऐंशीहून जास्त वर्षं लागली.

त्याच साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास महाराष्ट्रावर लाव्ह्याचे थर पसरत होते. आपले बेसॉल्टचे कडे त्यातूनच आले. त्यामुळे अशा पुरातन वंशांचा शोध आपण केरळ-तामिळनाडूच्या जुन्या डोंगरांत घ्यावा हे साहजिक आहे. आपल्याकडे जाती कमी आहेत, पाऊस चारच महिन्यांचा आहे. पण म्हणून उत्तरेकडचे बेडूक दुय्यम नाहीत. आठ महिने कोरडे काढायला ते काय काय करतात हा स्वतंत्र विषय आहे, आणि त्यावर दक्षिणेइतकं काम अजून झालेलं नाही.

आता टॅडपोल. हो, राओर्केस्टिस आणि स्यूडोफिलॉटस दोघांनाही टॅडपोल नसतो. मादी ओल्या पाचोळ्यात, मातीत किंवा पानावर मोजकी अंडी घालते, आणि अंड्यातून थेट चार पायांचा बेडूक बाहेर पडतो. एकदा जुलैत मी पाचोळ्याचा थर बाजूला केला आणि खाली साबुदाण्याएवढी, पारदर्शक अंडी दिसली. टॉर्च मागून धरला. आत प्रत्येकात एक बेडूक घडी घालून बसला होता. काळे डोळे, दुमडलेले मागचे पाय, शेपटीचा पातळ पडदा अंड्याच्या भिंतीला टेकलेला. त्यातल्या एकाने पाय झाडला. मी पाचोळा परत जसाच्या तसा घातला आणि बराच वेळ तिथेच उकिडवी बसून राहिले.

म्हणजे टॅडपोलची अवस्था पूर्ण नाहीशी झालेली नाही, ती अंड्याच्या आत, घाईघाईने आणि कापून छोटी करून पार पडते. याने डबक्यावरचं अवलंबित्व संपतं. डबक्यातले मासे, खेकडे, पाणसाप, सगळ्यांपासून सुटका. पण किंमतही मोजावी लागते. प्रत्येक अंड्यात पिल्लाला पुरेल एवढा बलक भरावा लागतो, त्यामुळे अंडी थोडी. आणि हवा सतत दमट हवी. आठ दिवस पाऊस उघडला तर सगळी अंडी सुकू शकतात. एखादा साधा डबक्यातला बेडूक हजारो अंडी घालतो आणि पूर आला, डबकं आटलं तरी त्यातली काही निभावतात. यातलं ‘जास्त उत्क्रांत’ कुठलं? दोघांच्या वंशांना उत्क्रांत व्हायला तेवढाच काळ मिळाला आहे. शिडी असल्यासारखा विचार केला की इथे हमखास चूक होते. त्याच कुळातला आपला मलबारी झाडबेडूक टाकीवर, डबक्यावर लोंबणाऱ्या पानांत फेसाचं घरटं करतो आणि त्यातून टॅडपोल खाली पाण्यात टपटप पडतात. त्याला अर्धवट उत्क्रांत म्हणायचं कारण नाही, त्याचं तसं उत्तम चाललं आहे. टॅडपोल वगळण्याची युक्ती तर जगात अनेक बेडूक-वंशांनी स्वतंत्रपणे शोधली. पोर्तो रिकोच्या कोकी बेडकाने शोधली, न्यू गिनीतल्या काहींनी शोधली. त्यामुळे नुसतं ‘टॅडपोल नाही’ यावरून दोन बेडकांचं नातंही सांगता येत नाही. पुन्हा तेच आडनाव.

थोडक्यात तुमच्या तीन प्रश्नांपुरतं: पहिल्या दोन नावांत जुन्या-नव्याचा फरक आहे, तिसरं नाव वेगळ्या प्राण्याचं आहे. डीएनए महत्त्वाचा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. आणि टॅडपोल नसणं हे जगण्याचं एक उत्तर आहे, वरची पायरी नव्हे.

पुढच्या खेपेला जाल तेव्हा एवढं करा. बेडकाला हात लावू नका, पकडायला आणि नमुने घ्यायला परवानगी लागते, आणि हातावरचं कीटकरोधक मलम त्याच्या कातडीला घातक असतं. फोटो बाजूने, डोळ्यांच्या पातळीवरून घ्या. मुस्कटाचा उतार, कानाचा पडदा आणि पुढच्या बोटांच्या चकत्या दिसायला हव्यात. किमान दोन मिनिटं आवाज घ्या, आणि सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, तपमान, जमिनीपासूनची उंची बोलून ठेवा. दुर्मीळ काही वाटलं तर नेमकी जागा जाहीर टाकू नका. आणि एका जंगलातून दुसऱ्यात जाताना बूट धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. जगभर बेडकांचा नाश करणारी कायट्रिड बुरशी २०१३ मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही नोंदली गेली आहे. इथे तिने तसा संहार केलेला नाही, पण चिखलातून ती नेणारे आपण असू नये.

आणि तुमच्या ध्वनिफितीबद्दल. बाराव्या सेकंदाला, तुमच्या बेडकाची टकटक थांबते तिथे, मागून एक दुसरी हाक येते. खालच्या पट्टीतली, लांब, आणि दोन वेळाच. ती तुमच्या बेडकाची नाही. स्यूडोफिलॉटस आंबोलीची असावी असं मला वाटतं, पण दोन हाकांवर मी तसं लिहून देणार नाही. त्या रात्री तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून उभे होतात हे आठवत असेल तर कळवा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिथे जाते आहे, तेव्हा त्या झुडपापासून सुरुवात करेन.